विश्लेषण : लेझर पॉइंटरची धातूची नळी घरी घडवायची, तर टॅप कोणता?

वीतभर लांबीची धातूची नळी. मागच्या टोकाला बॅटरी, मध्ये करंट आवरून धरणारे छोटे सर्किट, पुढे लेझर डायोड आणि त्याच्यासमोर करंगळीच्या नखाहून लहान भिंग. घरगुती लेझर पॉइंटरची रचना एवढीच. डायोड आणि सर्किट ऑनलाइन मिळते, सोल्डरिंग जमते, नळीही ओळखीचा लेथवाला करून देतो. काम अडते ते आट्यांपाशी. भिंग फिरत नाही, फिरले तर डुगडुगते. ठिपका बारीक होत नाही किंवा भिंग फिरवताना भिंतीवर गोल गोल भटकतो. पैसे डायोडवर खर्च झालेले असतात, घोळ मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आट्यांत असतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकणारी मुले आणि दुर्बिणीला दिशादर्शक लेझर लावू पाहणारे आकाशनिरीक्षक अशा सर्वांसाठी प्रश्न एकच : टॅप निवडायचा कसा?

टॅप म्हणजे नेमके काय आणि नळीत आटे किती ठिकाणी?

टॅप म्हणजे छिद्राच्या आतल्या बाजूला आटे कापणारे कठीण पोलादाचे हत्यार. बाहेरून आटे पाडते ती डाय. टॅपवर दोन आकडे लिहिलेले असतात. ‘एम ९ × ०.५’ याचा अर्थ आट्यांचा बाहेरचा व्यास ९ मिलिमीटर आणि एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, म्हणजे पिच, ०.५ मिलिमीटर. एक पूर्ण फेरा दिला की स्क्रू एका पिचएवढा पुढे सरकतो. ज्या टॅपवर दुसरा आकडाच नसतो, तो त्या व्यासाचा सर्वसाधारण, म्हणजे जाड पिचचा टॅप समजायचा.

लेझरच्या नळीत आटे साधारण तीन ठिकाणी लागतात. पहिले भिंगाचे. भिंग ज्या छोट्या चौकटीत बसवलेले असते तिला बाहेरून आटे असतात आणि ती मॉड्यूलच्या आतल्या आट्यांत फिरते. दुसरे, मॉड्यूल नळीत धरून ठेवणाऱ्या ग्रब स्क्रूचे. म्हणजे डोके नसलेल्या, ॲलन कीने फिरवायच्या बारीक स्क्रूचे. तिसरे, बॅटरीमागच्या झाकणाचे. ट्रायपॉडवर लावायचा असेल तर चौथे छिद्र येते. या चारही ठिकाणांचे काम वेगवेगळे असल्याने टॅपही वेगळा लागतो. एकच टॅप सेट आणून सगळे भागवायचे ठरवले की पहिली चूक तिथेच होते.

भिंगाचे आटे एवढे बारीक का?

इथे आटे काही आवळून धरण्यासाठी नाहीत, मोजून सरकवण्यासाठी आहेत. डायोडमधून प्रकाश पंख्यासारखा फाकत बाहेर पडतो. त्याला सरळ शलाकेत आणायचे तर डायोड भिंगाच्या नाभीवर अचूक असावा लागतो. लहान लेझरमधील भिंगाचे नाभीय अंतर बरेचदा ४ मिमीच्या आसपास असते. हे भिंग योग्य जागेपासून डायोडपासून दूर जरा सरकले तर शलाका कुठेतरी पुढे एका बिंदूत मिळते. तो बिंदू किती दूर, याचा हिशोब सोपा आहे : नाभीय अंतराचा वर्ग भागिले सरकलेले अंतर.

भिंग ०.०५ मिमी, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढे सरकले तर १६ भागिले ०.०५, म्हणजे ३२० मिमी. शलाका फुटभर अंतरावरच मिळून पुढे फाकू लागते. सरकणे ०.००५ मिमी असेल तर तोच बिंदू ३.२ मीटरवर जातो, म्हणजे दिवाणखान्याच्या समोरच्या भिंतीपाशी.

आता हे ०.००५ मिमी बोटांनी फिरवून साधायचे आहे. पिच ०.५ असेल तर त्यासाठी भिंग ३.६ अंश फिरवावे लागते. घड्याळाचा मिनिटकाटा ३६ सेकंदांत सरकतो तेवढे. पिच १.२५ असेल तर तेच काम १.४४ अंशांत, म्हणजे मिनिटकाट्याच्या १४ सेकंदांत होते. पहिले बोटांना कसेबसे जमते, दुसऱ्यात ठिपका सतत निसटतो. म्हणून लेझर मॉड्यूलमध्ये ०.५चा पिच रूढ झाला. ८ किंवा १२ मिमी व्यासाची भिंगेही मिळतात. सीसीटीव्हीच्या लहान कॅमेऱ्यांच्या भिंगांवर एम १२ × ०.५ हेच आटे असतात. तिथेही पिच तोच, कारणही तेच.

मग हा टॅप हार्डवेअरच्या दुकानात का नसतो?

कारण तो सर्वसाधारण यादीत नाही. मेट्रिक आट्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओच्या तक्त्यात, ९ मिमी व्यासासाठी १.२५ हा जाड आणि १ व ०.७५ हे बारीक पिच दिलेले आहेत. भारतीय मानक आयएस ४२१८ हे याच आयएसओ आट्यांचे. एम ९ हा आकारच मुळात कमी वापराचा; नटबोल्टांच्या दुनियेत एम ८वरून माणूस थेट एम १०वर जातो. त्यात ०.५चा पिच म्हणजे प्रकाशशास्त्राच्या उपकरणांपुरता राहिलेला आकार. मुंबईच्या नागदेवी भागात हत्यारांची एवढी दुकाने आहेत, पण तिथेही ‘एम ९चा टॅप’ एवढेच म्हटले तर काउंटरवर १.२५चा येईल. दुकानदाराचे काही चुकत नाही, मागणी अर्धवट असते.

खरे तर टॅप ही महाराष्ट्राला परकी वस्तू नाही. नागपूरची एमके टॅप्स ही टॅपच बनवणारी कंपनी आहे आणि ‘टोटेम’ या नावाची आटे पाडण्याची हत्यारे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. पण कारखान्यांचा मुख्य ग्राहक वाहन उद्योग. एका नगासाठी आलेल्या हौशी माणसाला बारीक पिचचा टॅप बहुधा ऑनलाइन शोधावा लागतो किंवा खास ऑर्डर द्यावी लागते. म्हणून नळीचे चित्र काढण्याआधी टॅप मिळतो का ते पाहावे. आधी छिद्र आणि मग टॅपचा शोध, हा उलटा क्रम महागात पडतो.

हातातल्या भिंगाचा पिच ओळखायला पिच गेज असेल तर उत्तमच. नसेल तर मोबाइल पुरतो. भिंगाची चौकट स्टीलच्या पट्टीला चिकटवून ठेवावी, कॅमेऱ्याने जवळून फोटो काढावा, तो मोठा करून आटे मोजावेत. पाच मिलिमीटरमध्ये दहा आटे भरले तर पिच ०.५. व्हर्नियरवर बाहेरचा व्यास बरोबर ९ न येता ८.९च्या आसपास येईल. बाहेरचे आटे नेहमी किंचित लहानच ठेवतात, त्यामुळे गोंधळू नये.

ड्रिल किती मिलिमीटरचे घ्यावे?

नियम सोपा आहे : व्यासातून पिच वजा करा. एम ९ × ०.५ साठी ८.५ मिमी, एम ३ × ०.५ साठी २.५, एम ४ × ०.७ साठी ३.३. या नियमाने आटे पूर्ण खोलीच्या साधारण ७७ टक्के भरतात. एवढे बहुतेक कामांना पुरते.

पण जाड आट्यांची सवय असलेला माणूस बारीक पिचला फसतो तो इथे. हाताच्या ड्रिल मशीनने पाडलेले छिद्र ड्रिलच्या मापापेक्षा दशांश मिलिमीटरने मोठे होणे ही रोजची गोष्ट आहे. एम ९ × १.२५ मध्ये एवढ्या फरकाने आटे फारतर ६ टक्के उथळ होतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. एम ९ × ०.५ मध्ये मात्र ८.५चे छिद्र ८.६ झाले तर ७७ टक्क्यांचे ६२ होतात आणि ८.७ झाले तर ४६. म्हणजे अर्धे आटे हवेतच. भिंग आत जाते, फिरतेही, पण डुगडुगते.

त्यामुळे भिंगाच्या छिद्रासाठी आधी ८ मिमीचे ड्रिल, मग लेथवर बोअरिंग करून किंवा रीमर फिरवून ८.५ मिमी, हाच मार्ग. भिंगावर कसलेही वजन येत नसल्याने ६२ टक्के आटेसुद्धा चालतात, मात्र छिद्र गोल आणि सरळ हवे. हात भरून येईपर्यंत दात-ओठ खाऊन टॅप फिरवावा लागत असेल तर छिद्र लहान झाले आहे, हेही लक्षात ठेवावे. एवढे करूनही थोडी ढिलाई उरलीच तर दोन जुने उपाय आहेत. तयार मॉड्यूलमध्ये डायोड आणि भिंग यांच्यामध्ये एक बारीक स्प्रिंग असते. ती भिंगाला सतत एकाच बाजूला रेटून धरते. आणि नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळली तरी भिंग छान मऊ फिरते.

सेटमधले सगळे टॅप लागतात का?

हाताने आटे पाडायचे टॅप बहुधा सेटमध्ये येतात. जाड पिचच्या सेटमध्ये तीन आणि जर्मन पद्धतीच्या बारीक पिचच्या सेटमध्ये दोनच. फरक टोकाच्या निमुळतेपणात असतो. पहिल्या टॅपचे सात-आठ आटे निमुळते असतात, त्यामुळे तो छिद्रात सरळ बसतो. दुसऱ्याचे चारेक. शेवटच्याचे जेमतेम दोन, म्हणून तो बंद छिद्राच्या तळापर्यंत आटे पाडू शकतो.

एक बाब मात्र तपासून घ्यायला हवी. काही सेटमध्ये तिन्ही टॅपचा व्यास सारखाच असतो. काहींमध्ये पहिले दोन मुद्दाम लहान ठेवलेले असतात आणि पूर्ण माप शेवटचाच टॅप देतो. अशा सेटमधल्या टॅपच्या दांड्यावर एक किंवा दोन कंगोरे कोरलेले दिसतात. शेवटच्यावर बहुधा कंगोरा नसतो. हा सेट असेल आणि पहिलाच टॅप फिरवून काम थांबवले, तर स्क्रू आत जाणार नाही. मग दोष स्क्रूला दिला जातो.

आरपार छिद्र असेल तर ‘गन टॅप’ सोयीचा. तो कापलेला कीस पुढे ढकलतो. बंद छिद्रासाठी ‘स्पायरल फ्लूट’. याच्या खाचा ड्रिलसारख्या पिळाच्या असतात आणि कीस मागे, बाहेर खेचला जातो. लेझरच्या नळीत हा फरक किरकोळ नाही. आत राहिलेला ॲल्युमिनियमचा एक कण सर्किटवर पडला तर शॉर्ट, भिंगावर बसला तर ठिपक्याला शेपटी. आणि या नळीत ब्रश घालून पुसायलाही धड जागा नसते.

म्हणूनच तिसरा प्रकार जाणून घेण्यासारखा आहे, फॉर्मिंग टॅप. हा कापतच नाही. मऊ धातू दाबून त्याला आट्यांचा आकार देतो. कीस शून्य, आटे मजबूत. ॲल्युमिनियम आणि तांबे यांना तो मानवतो. छिद्र मात्र मोठे लागते : एम ३ साठी २.५ऐवजी साधारण २.८ मिमी. नेहमीच्या छिद्रात हा टॅप घातला तर तो अडकून तुटणारच.

ॲल्युमिनियम, पितळ की तांबे?

धातू निवडताना हौशी मंडळी उष्णतेचा विचार आधी करतात आणि ते योग्यच आहे. प्रोजेक्टरमध्ये वापरले जाणारे निळे डायोड १ वॅट प्रकाश देताना साधारण ४ वॅट वीज घेतात, उरलेले ३ वॅट उष्णतेत जातात. ही उष्णता धातूने ओढून घेतली नाही तर डायोड काही मिनिटांत मंदावतो. उष्णता वाहून नेण्यात तांबे सर्वांत पुढे : उष्णतावहनाच्या मापात त्याचा आकडा ३९०च्या आसपास. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचा १६७, पितळेचा ११५ ते १२० आणि स्टेनलेस स्टीलचा जेमतेम १६. स्टेनलेसची नळी दिसायला देखणी, पण डायोडसाठी ती रजईच.

टॅपच्या बाजूने पाहिले तर क्रम उलटतो. पितळ सर्वांत सभ्य. कीस भुकटीसारखा पडतो, तेल नसले तरी चालते, साधा सरळ खाचांचा टॅप पुरतो. ॲल्युमिनियम टॅपच्या धारेला चिकटते. त्यासाठी वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षे रॉकेल वापरत आले. रेशनवरचे रॉकेल आता दुर्मीळ झाल्याने डब्ल्यूडी-४०सारखा फवारा किंवा पातळ कटिंग ऑइल चालते. तांबे सगळ्यात हट्टी. ते कापले जाण्याऐवजी ओढले जाते, टॅपला मिठी मारते. त्यासाठी टॅप नवा, धारदार हवा, तेल भरपूर हवे आणि हात सावकाश. ॲल्युमिनियमवर दहा वेळा वापरलेला टॅप तांब्यावर चालवण्यात काटकसर नाही.

पद्धत सगळ्यांना सारखीच : अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना कीस तुटल्याची बारीक टक्क जाणवते. ती जाणवली की पुढे.

टॅप किंचित वाकडा गेला तर काय बिघडते?

बोल्टच्या बाबतीत फारसे काही नाही. लेझरच्या बाबतीत बरेच. भिंगाचा मध्य डायोडच्या रेषेपासून ०.१ मिमी बाजूला गेला तर ४ मिमी नाभीय अंतराच्या भिंगातून निघणारी शलाका सुमारे १.४ अंशांनी वळते. दहा मीटरवर हा ठिपका २५ सेंटिमीटर बाजूला पडतो. दुर्बिणीला लावलेल्या दिशादर्शकाने तारा एकीकडे आणि शलाका दुसरीकडे, असा प्रकार होतो तो यातूनच.

टॅप हातात धरून नुसत्या नजरेने सरळ लावणे अनुभवी फिटरलाही एम ९ला जमेल, एम ३ला अवघड जाते. सोपा उपाय म्हणजे लेथ किंवा ड्रिल प्रेसचा आधार. छिद्र पाडल्यावर नळी जागची हलवू नये. ड्रिल काढून त्याच चकमध्ये टॅप धरावा, मशीन बंद ठेवून चक हाताने फिरवत पहिले चार-पाच आटे पाडावेत. एकदा टॅप रुळला की बाकीचे काम टॅप हँडलने करता येते. लेथवर टेलस्टॉकचा सेंटर टॅपच्या मागच्या खाचेत टेकवूनही हेच साधते.

बारीक आट्यांची दुसरी खोड म्हणजे भिंग चुकीच्या आट्यावर चढणे. ते टाळायला भिंग आधी उलटे फिरवावे. आटा आट्यावरून उतरल्याचे बोटाला कळते, मग सुलटे फिरवावे. बरणीचे झाकण लावताना घरोघरी हेच करतात.

आणि टॅप आतच तुटला तर?

एम ९ सहसा तुटत नाही. तुटतो तो ग्रब स्क्रूचा एम ३. नळीची भिंत दीड-दोन मिमीची असते, तेवढ्यात एम ३चे तीन-चार आटे बसतात. एम ४चे तीनही भरत नाहीत, म्हणून तिथे एम ३च योग्य. पण त्याचा टॅप आगपेटीच्या काडीइतका बारीक. ऑनलाइन मिळणाऱ्या चाळीस नगांच्या स्वस्त पेटीतला कार्बन स्टीलचा टॅप इथेच धोका देतो. त्या पेटीच्या पैशात चांगल्या प्रतीचे, धार लावून घडवलेले दोन एचएसएस टॅप येतात आणि लेझरच्या नळीला तेवढेच लागतात. दांड्यावर ‘६एच’ असे लिहिलेले असेल तर तो नेहमीच्या स्क्रूंसाठी योग्य सैलपणाचा टॅप समजावा.

तुटलेला तुकडा काढायला औद्योगिक वसाहतींत स्पार्कने धातू खाणारी ईडीएम यंत्रे असतात. घरगुती उपाय मात्र घड्याळजींचा आहे. नळी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर ती काचेच्या भांड्यात तुरटीच्या दाट, गरम द्रावणात बुडवून ठेवायची. पोलाद हळूहळू खाल्ले जाते, पितळ आणि ॲल्युमिनियम बहुतांशी शाबूत राहते. साध्या कार्बन स्टीलला काही तास, एचएसएसला बराच जास्त वेळ लागतो. खोलीत हवा खेळती हवी, आणि त्याआधी डायोड, भिंग, स्प्रिंग सगळे बाहेर काढलेले हवे.

मागच्या झाकणाला कोणता टॅप?

कोणताच नाही, हे बरे. १८६५० ही बॅटरी १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. संरक्षक सर्किट असलेली किंचित मोठी. ती सहज सरकण्यासाठी आतला व्यास १९ मिमी आणि बाहेरचा २२ धरला तर भिंत उरते दीड मिमी. त्यावर एम २२चे नेहमीचे २.५ पिचचे आटे पाडायचे म्हटले तर ते दीड मिमीहून किंचित खोल जातात. म्हणजे भिंतच संपली. एम २२ × १ घेतला तर ०.६ मिमी जातात, ०.९ उरतात. पिच १ हाच इथे शहाणपणाचा.

झाकणाच्या आत त्या मापाचा टॅप चालवायचा तर तो महाग, फिरवायला दोन हातांचे लांब हँडल हवे आणि पातळ नळी शिकंजात दबून अंडाकृती होते. लेथवर एकाच धारेच्या हत्याराने तेच आटे पाडले तर ते छिद्राशी समांतर येतात आणि हवे तेवढे सैल-घट्टही ठेवता येतात. लेथवाल्याला झाकण आणि नळी दोन्ही एकाच वेळी द्यावीत, म्हणजे तो एक दुसऱ्यात बसवून पाहतो.

नळीला रंगीत ॲनोडायझिंग करायचे असेल तर हा विचार आधी हवा. हा थर वीज वाहू देत नाही आणि झाकणातून बहुधा बॅटरीचे ऋण टोक नळीला जोडलेले असते. झाकण टेकते ती कडा उघडी ठेवून आट्यांवर थर येऊ दिला, तर एक फायदा मिळतो : झाकण पाव फेरा सैल केले की वीज तुटते आणि खिशात बटण दाबले गेले तरी लेझर लागत नाही. जास्त शक्तीच्या लेझरमध्ये ही सोय हवीच. मात्र थरामुळे आटे घट्ट होतात. पृष्ठभाग ५ मायक्रॉनने वाढला तर आट्यांच्या उतारामुळे फरक चौपट, म्हणजे २० मायक्रॉनचा पडतो. ०.५ पिचच्या भिंगाला तेवढे फिरू न द्यायला पुरेसे आहेत. भिंगाच्या छिद्रात बूच घालून मगच नळी ॲनोडायझिंगला द्यावी.

ट्रायपॉडसाठी कोणता?

कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची, एका इंचात वीस आटे असलेला. वर्कशॉपच्या भाषेत दोन सुती. जुन्या दुकानात दोन सुती टॅप मागितला तर ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचा हाती पडण्याची शक्यता असते. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये मांडलेल्या त्या पद्धतीत आट्यांचा कोन ५५ अंश, तर ट्रायपॉडच्या आजच्या आट्यांचा ६०. पिच योगायोगाने सारखाच असल्याने स्क्रू बसतो आणि हलक्या लेझरला चालूनही जाते. मिळत असेल तर मात्र यूएनसी मागावा.

मग भिंगाचा टॅप विकत घ्यावाच का?

एकच लेझर करायचा असेल तर नको. भिंगासह आणि एम ९ × ०.५ आट्यांसह १२ मिमी व्यासाचे पितळी किंवा तांब्याचे मॉड्यूल तयार मिळते, ५.६ मिमीच्या सर्वसाधारण डायोडसाठी त्यात जागा केलेली असते. नळीत १२ मिमीचे छिद्र रीमरने गुळगुळीत करून मॉड्यूल त्यात सरकवायचे आणि एम ३चे एक-दोन ग्रब स्क्रू लावायचे. मॉड्यूलला बाहेरून आटे पाडून नळीत पिळून बसवण्याचा मोह टाळावा. आट्यांत धातूला धातू बहुतेक एकाच उतारावर टेकतो, गुळगुळीत छिद्रात चहूबाजूंनी. उष्णता वाहून नेण्यात दुसरा मार्गच सरस. चार-पाच नळ्या करायच्या असतील, शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी वेगळ्या मापाची चौकट हवी असेल, तेव्हा बारीक पिचचा टॅप घेतलेला परवडतो.

डोळ्यांचे काय?

डोळ्यांसाठी तुलनेने सुरक्षित समजला जाणारा दुसऱ्या वर्गाचा लेझर १ मिलिवॅटपर्यंतचा. ५ मिलिवॅटपर्यंत ३आर, ५०० पर्यंत ३बी आणि त्यापुढे चौथा वर्ग. डीव्हीडी रायटरमधले लाल, ब्ल्यू-रेचे जांभळे आणि प्रोजेक्टरचे निळे डायोड सहज ३बी किंवा चौथ्या वर्गात जातात. पापणी मिटण्याआधीच डोळ्याचा पडदा भाजतो. आणि बाजारातल्या तयार पॉइंटरवरचे लेबलही विश्वासाचे नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने १२२ पॉइंटर तपासून २०१३मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के नियमात बसत नव्हते. मिरवणुकांतल्या लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रानेही गेल्या काही वर्षांत वाचल्या आहेत. विमानतळांच्या परिसरात आकाशात लेझर रोखण्यावर पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, ते आकाशनिरीक्षकांनाही लागू असतात.

आट्यांच्या कामात धोका नेमका फोकस करताना असतो. बोटे भिंगापाशी, डोळे ठिपक्यावर आणि भिंग सैल असेल तर शलाका भलतीकडे. त्यामुळे आटे तपासायला खरा डायोड वापरूच नये. त्याच ५.६ मिमी आकाराचा, १ मिलिवॅटहून कमी प्रकाश देईल असा चालवलेला साधा लाल डायोड मॉड्यूलमध्ये बसवावा. समोर तीन मीटरवर चकाकी नसलेला पांढरा कागद लावून भिंग एक पूर्ण फेरा फिरवावे आणि ठिपक्याने काढलेल्या वर्तुळावर पेन्सिलने खुणा कराव्यात. वर्तुळ रुपयाच्या नाण्यात मावत असेल तर आटे सरळ आहेत. मोठे असेल तर नवा तुकडा घेऊन छिद्रापासून सुरुवात करावी लागते. खरा डायोड त्यानंतर, त्याच्या तरंगलांबीसाठीचा चष्मा लावून.